दातांचा सीन

या सिनेमातून दुर्बीणला पैसा मिळणार नव्हता. सिनेमा काढणाऱ्या भाच्यानं ते पहिल्याच दिवशी, मामीनं पुढे केलेला चहा संपवता संपवता सांगून टाकलं होतं. पण पैसा म्हणजे काही सगळं नव्हे, आणि दुर्बीणनं मनातल्या मनात जो हिशेब मांडला होता त्याची जमेची बाजू चांगली भरलेली होती. शेवटी पडद्यावर 'विशेष मार्गदर्शन' या शब्दांखाली त्याचं नाव येणार होतं, आणि ते मेहुण्याला वाचावं लागणार होतं. "तुमचे हे काय करतात?" असं कुणी विचारलं की बायको इतकी वर्षं "ते बाहेरचं बघतात" म्हणून विषय बदलायची, तो तिला आता बदलावा लागणार नव्हता. आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी एक लोभ होता, जो त्यानं बायकोलासुद्धा दाखवला नव्हता. आपण आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम लोकांनी एकदा तरी बघावं, एवढाच तो होता.

दुर्बीण हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीला त्यानं 'खाजगी तपास' अशी पाटी लावली, त्याच आठवड्यात गल्लीनं त्याचं बारसं उरकून टाकलं. त्याच्याकडे दुर्बीण कधीच नव्हती. एक बरा चष्मा होता आणि दुखरे गुडघे होते. कामं तरी कसली, तर लग्नाआधीच्या चौकश्या, आजारपणाची रजा टाकून दुसरीकडे राबणारे कामगार, रातोरात सामान हलवणारे भाडेकरू. त्यातलं एक काम मात्र त्याच्या नावावर कायमचं चिकटलं होतं, आणि ते फसलेलं होतं. मेहुणा जेवायला आला की भाजीच्या आधी ते वाढायचा. "काय भावोजी, ती फरशीवाल्याची बायको सापडली का? कडेवर पोर घेऊन चालत गेलेली बाई, आणि आमच्या दुर्बिणीतनं दिसली नाही!"

फरशीवाला म्हणजे फरश्यांचा मोठा व्यापारी, मऊ आवाजाचा, कधी वर न बोलणारा. सहा वर्षांपूर्वी त्याची बायको चार वर्षांच्या मुलीला घेऊन घरातून निघून गेली, तेव्हा तो त्या खोलीचा जिना चढून आला होता. दुर्बीण त्याच्या घरी गेला आणि त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, "त्यांना काय येतं?"

"काही येत नाही," फरशीवाला म्हणाला. "घरात असायची."

कोपऱ्यात त्याची म्हातारी आई बसली होती, कानानं अधू. प्रश्न कसा कोण जाणे, तिच्यापर्यंत पोचला. "माझे दात तिनंच नीट केले," ती म्हणाली. "डॉक्टरनं तीनदा घासले तरी कवळी टोचायची. तिनं एका दुपारी नखं घासायच्या कानशीनं अशी घासून दिली, की आता अक्रोड फोडते मी."

फरशीवाल्यानं आईकडे पाहिलंसुद्धा नाही. दुर्बीणनं पाहिलं. कवळी नेमकी कुठे टोचते हे हिरडीकडे बघून ओळखायचं आणि तेवढंच घासायचं, हे हौशी माणसाचं काम नव्हे. चौकशी केली तर बाईचा बाप दात बनवणारा निघाला, तिचं लहानपण प्लास्टर आणि मेणात गेलेलं. लग्नानंतर हे तिला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून नवऱ्याच्या लेखी तिला काही येत नव्हतं. माणूस नाव बदलतो, गाव बदलतो, केस कापतो. पण हाताला लागलेलं काम सोडून पोट कसं भरणार? दुर्बीणनं आपल्या गेलेल्या वडिलांची तडकलेली कवळी खिशात टाकली आणि गावोगावचे दात बनवणारे पालथे घातले. प्रत्येक ठिकाणी कवळी दुरुस्तीला द्यायची आणि ती कुणाच्या हातात जाते ते बघत बसायचं.

एका लांबच्या गावात, मोठ्या खिडकीच्या एका कारखान्यात ती कवळी एका बाईच्या हातात गेली. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी जुळलेली होती. तिनं मान वर केली नाही.

"त्यांनी पाठवलंय ना तुम्हाला?"

दुर्बीणची नजर तिच्या बोटांवरच होती.

"मुलीला ताप आहे. तो उतरेपर्यंत थांबलात तर बरं होईल. मग सांगा."

"ही बोटं?" त्यानं विचारलं.

"दारात सापडली."

"दार लावताना?"

"दार मी नव्हतं लावलं," ती म्हणाली आणि तडकलेली कवळी उजेडाकडे धरली.

दुर्बीण परत आला आणि माग लागत नाही, काम सोडतो, असं त्यानं फरशीवाल्याला सांगितलं. फरशीवाल्यानं बाजारभर केलं, की त्या माणसाला स्वतःची सावली सापडायची नाही. तेव्हापासून दुर्बीण ते ऐकून घेत आला होता. ऐकून घेण्यात एक सुख असतं, पण ते फार दिवस पुरत नाही.

भाच्याला त्यानं गोष्ट सांगितली ती सगळे कपडे बदलून. फरशीवाल्याचा जादूगार झाला, ज्याची बायको खरोखरच गायब होते. दातांच्या जागी घड्याळं आली. बाई घड्याळं दुरुस्त करते. सासूचा तर उल्लेखच नव्हता. भाच्यानं त्यात आपली भर घातली. त्याच्या गुप्तहेराकडे एक पाळीव कासव होतं, आणि समोरचा खोटं बोलला की कासवाला शिंक यायची. दुर्बीणनं हे वाचलं आणि त्याला स्वतःलाच हसू आलं. ठीक होतं. कुणाला काही कळणार नव्हतं.

मग एका दुपारी शूटिंगवरून फोन आला.

"मामा, गडबड झालीय. घड्याळाचं जमत नाहीये."

"का रे?"

"सगळे म्हणतायत, पटत नाही. नुसत्या घड्याळावरून बाई सापडते? असं कुणी कुणाला शोधलंच नसेल म्हणतात. काढून टाकू का सरळ? त्याला तिचा पत्ता एखाद्या पाकिटावर सापडू दे."

पाकिटावर! दुर्बीणच्या डोक्यात सणक गेली. ते सगळे गावोगावचे जिने, त्या पायऱ्यांनी खाल्लेले गुडघे, आणि हा पोरगा ते एका पाकिटावर उरकणार होता.

"घड्याळं नव्हती," तो म्हणाला. "दात होते."

पलीकडून भाचा ओरडला, "मामा! दात! अहो, मग सांगायचं नाही का आधी? आणि त्याला कळलं कसं?"

एकदा तोंड उघडल्यावर सासू आत ठेवणं कठीण होतं. दुर्बीणनं कवळी सांगितली, कानस सांगितली, अक्रोडसुद्धा सांगितला. भाचा इतका हसला, की त्याला फोन दुसऱ्याच्या हातात द्यावा लागला. फोन ठेवल्यावर दुर्बीणला वाटलं, परत लावावा, नको म्हणून सांगावं. त्यानं चष्मा पुसला. मग शिंप्याकडे खाली जाऊन चहा प्यायला आणि नाही लावला.

सिनेमा लागला तेव्हा दुर्बीण प्रत्येक खेळाला थिएटरच्या बाहेर पडायच्या दाराशी उभा राहू लागला, पोस्टरला पाठ लावून, कान उघडे आणि चेहरा बंद. दुसऱ्यांची बोलणी ऐकायची त्याला सवयच होती, स्वतःबद्दलची मात्र पहिल्यांदाच ऐकत होता.

"पैसे वसूल! ती शिंक तर कहर होती."

"कसले वसूल? खुनी कोण ते कळलं का तुला?"

"खून झालाच कुठे?"

"तेच तर म्हणतोय मी! डिटेक्टिव्हचा सिनेमा, आणि एक मुडदा नाही!"

मागून एक वयस्कर जोडपं आलं. "कासवाचं काय झालं हो शेवटी?" बाई विचारत होती.

"तेच गुन्हेगार असणार. नाहीतर एवढा वेळ कशाला दाखवतील?"

वर्तमानपत्रानं लिहिलं, की अर्धा सिनेमा डोक्यावर घेण्यासारखा आहे आणि अर्धा डोक्यावरून जाणारा. कोणता अर्धा कोणता, यावर थिएटरच्या पायऱ्यांवर रोज भांडण व्हायचं. एकाच गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. सासू कवळी काढून गुप्तहेराच्या तळहातावर ठेवते आणि बोळक्या तोंडानं अक्रोडाचं सांगते, तिथं अख्खं थिएटर हसून कोसळायचं. लोक एकमेकांना ते तोंड करून दाखवत बाहेर पडायचे. कॉलेजातली एक मुलगी तेवढी डोळे पुसत आली.

"मला रडू आलं. ती बाई खिडकीत बसून कवळीचे दात घासत असते ना, तिथं."

"अगं ए, ती कॉमेडी होती!" मैत्रीण म्हणाली.

मेहुण्यानं शेवटपर्यंत बसून नाव वाचलं. "वाचलं हो भावोजी! लोक उठून चालले होते, पण मी वाचलं." मग त्यानं दुर्बीणच्या खांद्यावर हात टाकला. "पण काही म्हणा, त्या सिनेमातल्याला निदान बाई सापडते!"

दुर्बीणला ओठ चावावा लागला.

घरी येऊन चपला काढताना बायको म्हणाली, "अहो, ती बाई खरी आहे ना?"

"कुठली?"

"ती सासू आपल्या भाच्याला सुचायची नाही. त्याला स्वतःच्या आईचा चष्मा कुठे असतो ते सांगता येत नाही." तिनं चपला कोपऱ्यात ठेवल्या. "तुम्हाला ती सापडली होती."

दुर्बीणनं मान हलवली. किती वर्षं त्याला कुणीतरी हे ओळखावं असं वाटत होतं. आता ओळखलं, तर बायकोच्या चेहऱ्यावर कौतुक नव्हतंच.

"आणि तिच्या घरचा कुणी हा सिनेमा बघणार नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्यांना फार दिवस वाट बघावी लागली नाही. सोमवारी सकाळी शिंप्याच्या जिन्यावर सावकाश पावलं वाजली आणि फरशीवाला खोलीत आला. केस पांढरे झाले होते, आवाज तसाच मऊ होता.

"सिनेमा बघितला," तो खुर्चीवर बसत म्हणाला.

"हो का? कसा वाटला?" हे दुर्बीणच्या तोंडून आपोआपच गेलं, आठवडाभर त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

"फार आवडला. कुणी म्हणतं पहिला अर्धा बरा, कुणी म्हणतं दुसरा. मला सगळा आवडला. मी दोनदा बघितला." तो हसला. "दुसऱ्यांदा आईला घेऊन गेलो. तिला आता काहीच ऐकू येत नाही. पण ते दात दिसल्यावर तिनं माझा हात धरला."

इतक्या लोकांनी इतकी मतं दिली, पण सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत आवडलेला हा एकच माणूस दुर्बीणला भेटला.

"ते सगळं भाच्याच्या डोक्यातलं हो," दुर्बीण म्हणाला. "पोरं काहीही लिहितात."

"हुशार आहे पोरगा." फरशीवाला उठला. "तेव्हा मी तुमच्याबद्दल बाजारात काहीबाही बोललो होतो, साहेब. मनावर घेऊ नका. काम तुम्ही चांगलं केलं होतंत."

तो गेला. पत्ता विचारला नाही, गाव विचारलं नाही, आवाज चढवला नाही. जो विचारायला येतो आणि न विचारता जातो, त्याच्याकडे जास्त लक्ष द्यायचं, हे दुर्बीणच इतरांना शिकवायचा. त्या दिवशी त्याला फक्त एवढंच दिसलं, की तिला सांगायला हवं, आणि लगेच.

"फोन करा ना," बायको म्हणाली. "त्या कारखान्याला फोन असेलच की."

"फोनचा माग राहतो. असला निरोप समोर उभं राहूनच द्यायचा असतो."

त्याचा तो आयुष्यभराचा नियम होता, आणि त्यानं तो पाळला. मंगळवारी सकाळच्या पहिल्या बसला तो पुढच्या सीटवर बसला, गुडघे लांब करता यावेत म्हणून. तिला काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, हेच तो वाटभर जुळवत होता. मध्ये कंडक्टर मागच्या काचेतून बघून ड्रायव्हरला म्हणाला, "त्या पांढऱ्या गाडीला पुढे जायचंच नाही वाटतं. हात दाखवून दाखवून कंटाळलास की तू!" ते दुर्बीणच्या कानावर पडलं, पण डोक्यात शिरलं नाही. आयुष्य लोकांच्या मागून चालण्यात गेलेलं. आपल्या मागून कुणी येईल म्हणून वळून बघायची सवयच त्याच्या मानेला नव्हती.

कारखाना तसाच होता. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, हवेत घासलेल्या दातांचा पांढरा भुगा. ती खिडकीशीच बसली होती, पुढ्यात मेणाची गुलाबी हिरडी. मालक म्हणजे जाड भिंगांचा एक म्हातारा, तो पलीकडे यंत्रावर होता.

तिनं दुर्बीणला लगेच ओळखलं. हातातली सुरी खाली ठेवली.

"निघा तुम्ही," तो म्हणाला. "आजच. मुलीला घ्या आणि निघा. त्यांना कळलंय."

"कसं कळलं, काका? इतक्या वर्षांनी?"

यालाच तो वाटभर शब्द जुळवत आला होता, पण ते सगळे वाटेतच राहिले. "सिनेमा निघालाय," तो म्हणाला. "माझ्या भाच्याचा. त्यात दात आहेत. तुमच्या सासूबाईंची कवळी आहे. मी सांगितलं त्याला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"लोक हसले?" तिनं विचारलं.

"हसले."

"हं." तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "मुलगी शाळेतून इथंच येते. आता येईलच. ती आली की मागच्या दारानं..." ती बोलायची थांबली. समोर रस्त्यापलीकडे एक पांढरी गाडी उभी राहिली होती, आणि दार उघडून एक माणूस सावकाश उतरत होता.

दुर्बीणनं ती गाडी पाहिली आणि तेव्हा कुठे त्याला कंडक्टर आठवला.

फरशीवाला आत आला तो पायपुसण्याला बूट पुसून. मालकानं यंत्र बंद केलं.

"कोण पाहिजे आपल्याला?"

"ही माझी बायको," फरशीवाला म्हणाला. "घेऊन जायला आलोय."

"तिला यायचं नसेल तर?" मालक उठून उभा राहिला. "मी पोलिसांना बोलवीन."

"बोलवा ना. मुलगी पळवून नेल्याची माझी तक्रार आहे त्यांच्याकडे, सहा वर्षांपासून. ते मुलगी माझ्या हातात देतील आणि हिला वेगळ्या गाडीत बसवतील. मी त्यापेक्षा बरं सांगतोय, दोघींनी माझ्या गाडीतून चला."

दुर्बीण त्याच्या आणि तिच्या बाकाच्या मधे जाऊन उभा राहिला. काय करणार होता, ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. फरशीवाल्यानं त्याला दंडाला धरून बाजूला केलं, वाटेतली खुर्ची सरकवावी तसं.

"बस झालं, साहेब. तुमचं काम झालं. पत्ता नुसता विचारला असता तर तुम्ही दिला नसता, हे मला माहीत होतं."

तेवढ्यात दारात दप्तर आलं आणि दप्तरामागून मुलगी. "आई, आज ना..." अनोळखी माणसं बघून ती थबकली. फरशीवाला तिच्याकडे वळला आणि त्यानं हात पुढे केला. तिनं तो घेतला नाही, आईकडे बघितलं. आईला मागचं दार आता धावत गाठता आलं असतं. पण मुलगी पुढच्या दारात होती आणि तिच्या पाठीवर त्याचा हात होता, अगदी हलका, ठेवल्यासारखा.

ती उठली. एप्रन काढून खुंटीला लावला, नळावर हात धुतले, वाकडी बोटं एकेक करून पुसली. मेणावर ओलं फडकं टाकलं.

"खालची ओळ राहिलीय," ती मालकाला म्हणाली. "त्या बाईंचे दात जरा पिवळट आहेत. रंग जुळवून घ्या, पांढरे शुभ्र बसवू नका."

"तू नको जाऊस," म्हातारा म्हणाला.

"आई, कुठं जायचंय?" मुलगी विचारत होती. "आई, हे कोण?"

दुर्बीणच्या समोरून जाताना ती थांबली नाही. गाडीचं मागचं दार उघडलं, दोघी आत बसल्या, आणि दार फरशीवाल्यानं लावलं.

दुर्बीणनं त्यानंतर जे करता येईल ते केलं. त्या गावच्या पोलिसांकडे गेला. त्यांनी जुनी तक्रार काढून त्यालाच उलट प्रश्न विचारले. आपल्या शहरात येऊन फरशीवाल्याच्या दारात उभा राहिला. नोकरानं सांगितलं, बाईसाहेबांना बरं नाही, त्या कुणाला भेटत नाहीत. मुलगी दिसली नाही. शेजारणीनं सांगितलं, तिला लांबच्या वसतिगृहात टाकलंय. कुठल्या, ते कुणालाच माहीत नव्हतं. दुर्बीणला ते शोधून काढता आलं असतं. पण शोधलेलं कुणाच्या कामी येतं ते त्यानं बघितलं होतं, आणि त्याचा पाय उंबऱ्याबाहेर निघाला नाही.

फरशीवाला मोठ्या मनाचा माणूस. जे झालं ते त्यानं बाजारभर केलं. माणूस सावकाश आहे म्हणाला, पण शोधतो नक्की. शिंप्याच्या जिन्यावर आता माणसं रांगेनं बसू लागली, त्यातले बरेचसे घर सोडून गेलेल्या बायकांचे नवरे. मेहुण्यानं जेवताना स्वतःहून कबूल केलं, की भावोजी, आपली चूक झाली, आणि आपल्या ओळखीतलं एक गिऱ्हाईकही पाठवलं. बायकोला लोक त्याच्याबद्दल कौतुकानं विचारू लागले. ती आता विषय बदलत नाही, नुसती उठून आत जाते. भाच्याला दुसरा सिनेमा मिळाला. पडद्यावर नाव आलं ते आलंच. म्हणजे दुर्बीणनं जमेला जे जे धरलं होतं ते सगळं, थोडं उशिरा का होईना, त्याच्या पदरात पडलं. त्याची किंमत एका बाईनं चुकवली, जी अजून बंद खोलीतून बाहेर आलेली नाही, आणि तिच्याबरोबर दहा वर्षांच्या एका मुलीनं, जिनं तो सिनेमा बघितलेलासुद्धा नाही.